सर्व्हर आपोआप उठेल. तो का पडला, ते कोण बघणार?

पत्राचा सारांश

वाचक ३४ वर्षांची, सिंहगड रोडला राहणारी. हिंजवडीत आठ वर्षं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर काम केल्यावर तिने जुन्या टीममधल्या एका वरिष्ठ सहकाऱ्याबरोबर स्वतःचा छोटा व्यवसाय सुरू केला. ते वयाने बारा वर्षांनी मोठे, ती त्यांना दादा म्हणते. मार्केट यार्डातल्या चाळीसेक आडत्यांच्या गाळ्यांवर त्यांचं सॉफ्टवेअर चालतं. शेतमालाची आवक नोंदवायची, माल विकला गेला की हमाली-तोलाईचा हिशोब लावून शेतकऱ्याची पट्टी काढायची, त्याच्या मोबाइलवर मेसेज पाठवायचा, खरेदीदाराची उधारी खात्यावर चढवायची. हे सगळं एका भाड्याच्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर आहे. डेटाबेस पोस्टग्रेस, आणि स्प्रिंग बूट या जावाच्या चौकटीत लिहिलेल्या दोन प्रोसेस, म्हणजे सतत चालणारे दोन प्रोग्रॅम: एक मुख्य ॲप, दुसरी मेसेज पाठवणारी. दोन्ही हाताने सुरू होतात. एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, आत जायचं, 'स्क्रीन' (आपण बाहेर पडल्यावरही प्रोग्रॅम चालू ठेवणारी खिडकी) उघडायची, दादांची स्क्रिप्ट चालवायची आणि स्क्रीन तशीच मागे सोडून बाहेर यायचं.

गेल्या महिन्यात सर्व्हर पुरवणाऱ्यांनी आधी मेल पाठवून रात्री देखभालीसाठी मशीन रीस्टार्ट केलं. तो मेल कुणी वाचला नव्हता. पहाटे पावणेपाचला गाळ्यावरून फोन आला. दादा गावी होते, फोनला रेंज नव्हती. कोणती प्रोसेस आधी सुरू करायची, मध्ये किती थांबायचं, हे सगळं त्यांच्याच डोक्यात. दीड तास गेला. तोवर गाळ्यांवर हाताने पट्ट्या लिहिल्या गेल्या.

आता तिला सर्व्हिस मॅनेजर (प्रोसेस सुरू करणारा आणि पडल्यास पुन्हा उठवणारा प्रोग्रॅम) लावायचा आहे, म्हणजे 'सर्व्हर पडायचा थांबेल'. दादा म्हणतात, आपोआप रीस्टार्ट करणं म्हणजे रोग झाकणं. शिवाय सिस्टम-डी या उबुंटूतल्या सर्व्हिस मॅनेजरवर जाणकारच नाराज आहेत. नव्याने आलेला मुलगा म्हणतो, सगळं डॉकरमध्ये (ॲप सगळ्या सामानासकट एका डब्यात बांधणारं साधन) टाकू. तिचा प्रश्न: बरोबर कोण, आणि दादांना न दुखावता हे करायचं कसं?

उत्तर

सर्व्हिस मॅनेजर लावा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्या विरोधातही बरंच बोलणार आहे.

तुम्ही तो ज्या कारणासाठी लावायचं म्हणताय, ते कारण मात्र मला पटलेलं नाही. 'सर्व्हर पडायचा थांबेल' असं तुम्ही लिहिलंय. तसं होणार नाही. मेमरी संपली, डिस्क भरली, वजनाच्या रकान्यात कुणी भलतंच काही टाकलं आणि कोड कोसळला, यातलं काहीही सर्व्हिस मॅनेजर टाळत नाही. त्याचं काम पडल्यानंतर सुरू होतं. आणि त्या रात्री तर तुमचं ॲप आपल्या चुकीने पडलंही नव्हतं. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. पोस्टग्रेस आपला आपण उठला. एसएसएच उठलं, म्हणून तर तुम्हाला आत जाता आलं. राहिलं ते फक्त तुमचं ॲप, कारण ते कसं उठवायचं हे मशीनला कुणी सांगूनच ठेवलं नव्हतं. ती माहिती दादांकडे होती आणि दादा गावी होते. दीड तास गेला तो यात.

पोस्टग्रेस कसा उठला, हे जरा नीट बघा, कारण दादांशी बोलताना याचा उपयोग होईल. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, सुरू झाला की पहिली एकच प्रोसेस चालवतो, तिचा नंबर १. आपल्या वापरातल्या बाकीच्या सगळ्या सर्व्हिस तीच सुरू करते. उबुंटूच्या सर्व्हरवर २०१५ च्या १५.०४ आवृत्तीपासून ही पहिली प्रोसेस म्हणजे सिस्टम-डी. तुमचा पोस्टग्रेस, एसएसएच, ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन हे सगळं आजही तिच्याच देखरेखीखाली चालतंय. म्हणजे सर्व्हिस मॅनेजर आणायचा की नाही, असा प्रश्न तुमच्यापुढे नाहीच. तो पहिल्या दिवसापासून घरात आहे. ज्याच्यावर तुमचं दोघांचं पोट आहे, तेवढं एक ॲप त्याच्या देखरेखीबाहेर राहिलंय.

स्क्रीनवरही फार भिस्त ठेवू नका. २०१६ मध्ये सिस्टम-डीच्या २३० व्या आवृत्तीत एक सेटिंग बदललं गेलं: माणूस लॉगआउट झाला की त्याच्या मागे उरलेल्या प्रोसेस बंद करायच्या. स्क्रीन, टीमक्स, नोहप अशा साधनांच्या भरवशावर कामं सोडून जाणाऱ्यांनी त्यावरून मोठा गदारोळ केला आणि डेबियनसारख्या लिनक्सच्या काही वितरणांनी (तयार संचांनी) ते सेटिंग आपल्याकडे बंदच ठेवलं. तुमच्याकडेही ते बंद असणार, नाहीतर तुमचं ॲप एक दिवस टिकलं नसतं. पण तुमचा धंदा आज कुणीतरी बंद ठेवलेल्या एका सेटिंगवर उभा आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

आता दादांचा पहिला मुद्दा. तो हलक्यात घेऊ नका, कारण तो खरा आहे.

हाताने उठवण्यात एक सक्तीची शिस्त असते. ॲप पडलं की माणसाला आत जावंच लागतं, आणि आत गेलेला माणूस सहसा लॉगच्या, म्हणजे ॲपच्या नोंदवहीच्या, शेवटच्या चार ओळी तरी वाचतो. आपोआप रीस्टार्ट आला की ती सक्ती संपते. मेमरी हळूहळू गळत असेल तर ॲप रोज सकाळी पडेल, अर्ध्या मिनिटात उठेल, गाळ्यावरचा दिवाणजी 'आज नेट स्लो आहे' म्हणून पुन्हा बटण दाबेल आणि तुम्हा दोघांना महिनोन्महिने काही कळणार नाही. मग रविवारच्या मोठ्या आवकेच्या दिवशी ते दर दहा मिनिटांनी पडायला लागेल, तेव्हा कळेल.

इथे सिस्टम-डीच्या मूळ आकड्यांकडे लक्ष द्या. तुम्ही फक्त 'बिघाड झाल्यास रीस्टार्ट' एवढी ओळ लिहिलीत, तर तो पडल्यानंतर १०० मिलिसेकंदांत पुन्हा सुरू करतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही टिकलं नाही तर हात टेकतो. हलक्या, झटपट उठणाऱ्या प्रोग्रॅमला ही मर्यादा लगेच लागते: डेटाबेस जागा व्हायच्या आतच पाच प्रयत्न संपतात आणि सर्व्हिस बंद पडून राहते. तुमची अडचण याच्या उलटी आहे. स्प्रिंग बूटचं ॲप उठायलाच कित्येक सेकंद घेतं. त्यामुळे १० सेकंदांत ५ ही मर्यादा बहुतेक कधी गाठलीच जाणार नाही आणि ते रात्रभर पडत-उठत राहील. दादा ज्याला रोग झाकणं म्हणतात, ते नेमकं हेच.

म्हणून दोन्ही आकडे स्वतः ठरवा. दोन प्रयत्नांमध्ये १५ सेकंद आणि १० मिनिटांत ५ प्रयत्न, असं मी ठेवलं असतं. त्यापुढे त्याने थांबावं. पाच वेळा उठूनही जे टिकत नाही, ते सहाव्यांदा उठवण्यात अर्थ नसतो. तिथे माणूसच लागतो.

आणि प्रत्येक पडण्याची खबर तुम्हा दोघांच्या फोनवर आली पाहिजे. सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टम-डीला सांगणाऱ्या युनिट फाइलमध्ये 'एक्झेक-स्टॉप-पोस्ट' नावाची ओळ असते. सर्व्हिस कोणत्याही कारणाने थांबली की त्या ओळीतली आज्ञा चालते आणि ती कशी थांबली, सरळ बंद झाली की कोसळली, हेही त्या आज्ञेला कळवलं जातं. कोसळली असेल तर मेसेज पाठवणारी पाच ओळींची स्क्रिप्ट तिथे लावा. शिवाय आपोआप किती वेळा रीस्टार्ट झालं हा आकडा सिस्टम-डी स्वतः ठेवतो. 'सिस्टम-सीटीएल शो' विचारलं की 'एन-रीस्टार्ट्स' म्हणून दिसतो. दर सोमवारी तो बघायचा, शून्य नसेल तर त्या आठवड्याचं पहिलं काम तेच, असा नियम दादांनाच करू द्या. त्यांची हरकत अशी कामाला लागली, तर ती हरकत राहत नाही.

रोग झाकण्याचा सगळ्यात वाईट प्रकार मात्र पत्रात आलेला नाही. तुमची मेसेजची प्रोसेस शेतकऱ्याला रक्कम कळवते. समजा मेसेज गेला आणि 'गेला' अशी नोंद डेटाबेसमध्ये व्हायच्या आत प्रोसेस मेली. आपोआप उठल्यावर ती तोच मेसेज पुन्हा पाठवेल. जुन्नरच्या शेतकऱ्याला एकाच मालाचे दोन मेसेज गेले, तर तो दोन पट्ट्या धरून बसणार आणि भांडण आडत्याच्या गळ्यात पडणार. हाताने चालवताना असं क्वचित होतं, कारण पडणं आणि उठणं यांच्या मध्ये माणूस असतो. रीस्टार्ट स्वस्त झाला की असे प्रसंग वाढतात. यावर सर्व्हिस मॅनेजरमध्ये काही उपाय नाही, तो कोडमध्येच करावा लागतो: आधी 'पाठवायला घेतला' अशी नोंद, मग मेसेज, मग 'गेला' अशी नोंद. उठल्यावर मधल्याच पायरीवर अडकलेले मेसेज आपोआप पाठवायचे नाहीत, माणसाला दाखवायचे. हे आधी करा आणि मेसेजच्या प्रोसेसला रीस्टार्ट त्यानंतर लावा. मुख्य ॲपला आज लावलात तरी हरकत नाही.

याच्या उलटाही एक प्रकार आहे, ज्यात सर्व्हिस मॅनेजर आंधळा ठरतो. वेगळी सोय केली नाही, तर त्याला प्रोसेस जिवंत आहे की मेली, एवढंच दिसतं. जावाची मेमरी संपली की तो एरर एखाद्या थ्रेडमध्ये (प्रोसेसमधल्या अनेक धाग्यांपैकी एकात) येतो, तो थ्रेड मरतो, पण अख्खी प्रोसेस मरतेच असं नाही. स्टेटस विचारलं तर हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह, रनिंग', आणि गाळ्यावर पट्टी निघत नाही. याला दोन गोष्टी करा. जावा सुरू करताना 'एक्झिट ऑन आउट ऑफ मेमरी एरर' हा पर्याय द्या, म्हणजे मेमरी संपली की ती प्रोसेस पूर्ण बंद होईल आणि सर्व्हिस मॅनेजरला दिसेल. दुसरं म्हणजे, बाहेरच्या एखाद्या मशीनवरून दर मिनिटाला तुमच्या ॲपचं एक पान मागून बघायचं आणि दोनदा उत्तर आलं नाही तर फोन वाजवायचा. हे त्याच सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही. सर्व्हरच गेला तर सांगणार कोण? मागच्या महिन्यात एवढं एक असतं, तरी रात्रीच फोन वाजला असता आणि गाळे उघडायच्या आत तुमच्या हातात वेळ असता. एकच काम करायची ताकद असेल, तर सर्व्हिस मॅनेजरच्याही आधी हे करा.

दादांचा दुसरा मुद्दा सिस्टम-डीवरच्या नाराजीचा. ती नाराजी खोटी नाही. लेनार्ट पॉटरिंग आणि के सिव्हर्स यांनी २०१० मध्ये हे काम सुरू केलं, २०११ च्या फेडोरा १५ या वितरणात ते पहिल्यांदा मूळ व्यवस्था म्हणून आलं, आणि २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत त्यावरून इतके टोकाचे वाद झाले की काही मंडळींनी वेगळं होऊन देवुआन नावाचं सिस्टम-डीविरहित वितरण काढलं. आक्षेप असा की सर्व्हिस चालवण्याचं काम घेऊन आलेल्याने लॉग, लॉगिन, नेटवर्क, वेळ असं एकेक करून सगळंच ताब्यात घेतलं, आणि एवढा मोठा कारभार नंबर १ च्या प्रोसेसभोवती असणं धोक्याचं आहे. २०२४ च्या मार्चमध्ये या आक्षेपाला मोठं उदाहरण मिळालं. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम घुसवलेलं छुपं दार सापडलं. त्याची झेप एसएसएचपर्यंत गेली, कारण काही वितरणांनी एसएसएच सर्व्हरला सिस्टम-डीची लायब्ररी जोडली होती आणि ती एक्सझेडला सोबत ओढून आणत होती. जोडली होती ती कशासाठी, तर 'मी तयार आहे' एवढा निरोप सर्व्हिस मॅनेजरला देण्यासाठी. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचच्या लॉगिनला लागणारा अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून ते उघडकीला आलं.

म्हणजे दादा जे वाचतात ते खरं आहे. पण त्यातून तुमच्यासाठी निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. तुम्ही उबुंटू वापरता, तेव्हा तो धोका तुम्ही आधीच पत्करलेला आहे. तुमचं ॲप बाहेर ठेवल्याने तो रतीभरही कमी होत नाही. सिस्टम-डी नकोच असेल तर रनिट, एस-सिक्स यांसारख्या छोट्या, नेटक्या व्यवस्था आहेत, पण त्यांच्यासाठी वितरण बदलावं लागेल किंवा त्या सिस्टम-डीच्या वर बसवाव्या लागतील. सुपरवायझर-डीचंही तेच. तो पायथनमध्ये लिहिलेला आहे, वापरायला सोपा आहे, पण मशीन सुरू झाल्यावर त्याला स्वतःला कोण उठवणार? पुन्हा सिस्टम-डीच. चाळीस गाळे आणि एक सर्व्हर असताना दोन मजली व्यवस्था कशासाठी?

डॉकरचंही थोडक्यात सांगते. डॉकरमध्ये आपोआप रीस्टार्टची सोय आहे, पण डॉकर स्वतः तुमच्या सर्व्हरवर सिस्टम-डीच्या हाताखालीच चालेल. त्याचा खरा फायदा आवृत्त्या बांधून ठेवण्याचा आणि दुसऱ्या मशीनवर जसंच्या तसं उचलून नेण्याचा. तुमची एक जार फाइल (जावाचं बांधलेलं ॲप) आहे, जावाची एक आवृत्ती आहे. आज ती गरज नाही. त्या मुलाला नाही म्हणू नका. उत्साही मुलगा आहे. त्याला चाचणीच्या सर्व्हरवर करून बघू द्या, पण पहाटेच्या व्यवहाराचा सर्व्हर सध्या त्यात घालू नका.

आता प्रत्यक्ष फाइल. युनिट फाइल वीसेक ओळींची असते आणि पहिल्या खेपेला कुठे ठेच लागते, ते ठरलेलं असतं.

दादांची स्क्रिप्ट आहे तशी तिथे लावू नका. त्यात जावाच्या ओळीच्या शेवटी प्रोसेस मागे ढकलण्याचं चिन्ह असणार. सिस्टम-डी ती स्क्रिप्टच मुख्य प्रोसेस समजतो. स्क्रिप्ट संपली की त्याच्या लेखी सर्व्हिस संपली, आणि मागे राहिलेलं जावा तो साफ करून टाकतो. युनिटमध्ये थेट जावाची ओळ द्या, पूर्ण पाथसकट. तुमच्या लॉगिनच्या फाइलमध्ये लिहिलेले पाथ आणि व्हेरिएबल तिथे चालत नाहीत, कारण सर्व्हिस लॉगिन करतच नाही.

त्यातच मराठीचा एक खड्डा आहे. तुम्ही एसएसएचने आत जाता तेव्हा तुमच्या लॅपटॉपचं भाषेचं सेटिंग बऱ्याचदा सोबत जातं. सर्व्हिसला ते मिळत नाही. सर्व्हरवर युटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिपी साठवण्याची पद्धत) ठरवलेलं नसेल आणि जावा १८ च्या आधीची असेल, तर फाइल वाचता-लिहिताना ती साधी इंग्रजी अक्षरंच गृहीत धरू शकते, आणि छापील पट्टीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. स्क्रीनमध्ये सगळं नीट, सर्व्हिसमध्ये बिघडलेलं, असं दिसलं की माणूस दिवसभर फॉन्ट शोधत बसतो. युनिटमध्ये भाषेचं व्हेरिएबल लिहा आणि जावालाही युटीएफ-८ स्पष्ट सांगा.

बंद करण्याकडेही तेवढंच लक्ष द्या. थांबवायला सांगितलं की सिस्टम-डी प्रोसेसला आधी सभ्य सूचना देतो, ९० सेकंद वाट बघतो आणि मग ठार करतो. स्प्रिंग बूटमध्ये २.३ आवृत्तीपासून हातातली कामं संपवून बंद होण्याचं सेटिंग आहे, ते चालू असल्याची खात्री करा, म्हणजे अर्धवट पट्टी तुटणार नाही. असं नीट बंद झालेलं जावा १४३ हा आकडा परत देतं आणि सिस्टम-डी तो बिघाड समजतो. यशस्वी शेवटांच्या यादीत १४३ लिहून टाका, नाहीतर दर डेप्लॉयला (नवी आवृत्ती चढवताना) तुमच्या फोनवर खोटी खबर येईल आणि चौथ्या वेळेपासून खरीही कुणी बघणार नाही.

पोस्टग्रेसनंतर सुरू हो, असं सांगणारी ओळ आणि पोस्टग्रेस हवाच, असं सांगणारी ओळ या दोन वेगळ्या आहेत, दोन्ही लिहा. रूट या सर्वाधिकारी युजरखाली चालवू नका, वेगळा युजर करा. डेटाबेसचा पासवर्ड थेट युनिटमध्ये लिहू नका, कारण तिथली व्हेरिएबल सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला दिसू शकतात. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, ती फक्त रूटला वाचता यावी, आणि युनिटमध्ये तिचा पाथ द्या. लॉग आपोआप सिस्टम-डीच्या जर्नलमध्ये जातील, युनिटच्या नावाने जर्नल-सीटीएलमध्ये सापडतील, पण जर्नल ठरावीक जागा भरली की जुनं पुसत जातं. आडत्याचा वाद सहा महिन्यांनी येतो. त्या व्यवहारांची नोंद डेटाबेसमध्येच हवी.

एवढं झाल्यावर 'स्टार्ट' केलंत आणि ॲप चालू दिसलं, की काम झालं असं वाटेल. झालेलं नसतं. 'स्टार्ट' आजपुरतं असतं. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर उठायला 'एनेबल' लागतं. हे विसरणारे फार भेटतात, आणि ते विसरले हे पुढच्या रीस्टार्टलाच कळतं, म्हणजे नेमकं पहाटे. म्हणून यार्डाला सुट्टी असेल त्या दुपारी, दोघांनी शेजारी बसून, सर्व्हर खरोखर रीस्टार्ट करा. कशालाही हात लावायचा नाही. पट्टी निघते का, मेसेज जातो का, बघायचं. मग ॲपची प्रोसेस हाताने ठार करून बघायची: खबर आली का, किती वेळात आली, उठलं का. हे करून न बघता लावलेल्या सर्व्हिस मॅनेजरवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता दादा. 'न दुखावता' हा शब्द तुमच्या पत्रात ज्या काळजीने आलाय, त्यावरून वाटतं की ही व्यवस्था बदलणं म्हणजे त्यांचं काहीतरी काढून घेणं, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं दिसत नाही. दोन प्रोसेसच्या मध्ये ते थांबतात, यामागे कधीतरी खाल्लेली ठेच असणार. ती त्यांनाच माहीत आहे, म्हणून फाइल तुम्ही एकटीने लिहून त्यांच्यापुढे ठेवू नका. 'दादा, तुम्ही सांगा, मी टाइप करते' असं म्हणा, आणि प्रत्येक ओळीच्या वर ती का आहे, हे त्यांच्या शब्दांत लिहा. मधलं थांबणं कदाचित आता लागतही नसेल, किंवा त्यामागचं कारण तुम्हाला कोडमध्ये सुधारता येईल. ते बोलल्याशिवाय कळणार नाही. फाइल गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) ठेवा, जारच्या शेजारीच.

आणि एक गोष्ट मी तुमच्याच बाजूने बोलणार आहे. पहाटेचे फोन तुमच्याकडेच येतात, असं पत्रावरून दिसतं. आडत्यांना तुमचा नंबर माहीत आहे आणि तुम्ही उचलता, म्हणून. हे सर्व्हिस मॅनेजरने सुटणार नाही, उलट नव्या खबरांची त्यात भर पडेल. खबर दोघांच्या फोनवर जाईल, पण या आठवड्यात उठायचं कुणी, हे लिहून ठरवा. आठवडा तुमचा, आठवडा दादांचा. गावी जाणाऱ्याने जायच्या आधी दुसऱ्याला सांगायचं आणि सर्व्हरवाल्यांचे मेल दोघांच्याही पत्त्यावर मागवून घ्यायचे. तो मुलगा सहा महिने मुरला की त्यालाही पाळीत घ्या, पण पहिले दोन-तीन आठवडे तुमच्यापैकी एकाने त्याच्या सोबत फोनवर असायचं. ही बोलणी तुम्हाला युनिट फाइलपेक्षा अवघड वाटतील. तरी रीस्टार्टची चाचणी कराल त्याच दुपारी, लॅपटॉप मिटायच्या आधी, ती करून टाका. भागीदारीत अर्धा वाटा तुमचाही आहे, आणि हे मागताना तुम्हाला माफीच्या सुरात बोलायचं कारण नाही.

गाळ्यांवर छापील कोऱ्या पट्ट्यांचं एकेक पुस्तक मात्र राहू द्या. त्यावर हाताने लिहिलेल्या पट्ट्या नंतर ॲपमध्ये चढवायला एक साधं पान करून द्या, त्यात हाताच्या पट्टीचा क्रमांक टाकायची सोय हवी. मागच्या महिन्यातल्या त्या सकाळच्या पट्ट्या अजून चढायच्या राहिल्या असतील, तर सुरुवात त्यांच्यापासून करा.